वेबसाईट तयार घ्यावी की बांधून घ्यावी?



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयात एका जुन्या सभासदांनी विचारले होते, "वेबसाईट फुकट मिळते असं माझा नातू म्हणतो. मग कारखान्यानं त्याची दरपत्रकं कशाला मागवली?" मंडपात हशा पिकला आणि वेळेअभावी उत्तर राहून गेले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कारखान्याकडे दोन तऱ्हेची दरपत्रके आली आहेत. एक म्हणते, जगात तयार असलेले सॉफ्टवेअर घेऊ आणि त्यावर आपल्या कारखान्याची वेबसाईट उभी करू. दुसरे म्हणते, तुमच्यासाठी पहिल्या ओळीपासून नवा प्रोग्रॅम लिहून देऊ. दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट मोठा आहे. पैसा सभासदांचा आहे, तेव्हा हा फरक कशाचा आहे ते सभासदांना कळले पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे कोड म्हटले की सभासद कोड नंबर डोळ्यांपुढे येतो. प्रोग्रॅमर मंडळी कोड म्हणतात ते वेगळे. कॉम्प्युटरने काय करायचे आणि कुठल्या क्रमाने करायचे, याच्या ओळीने लिहिलेल्या सूचना म्हणजे कोड, आणि अशा सूचनांचा पुरा संच म्हणजे प्रोग्रॅम किंवा सॉफ्टवेअर. वेबसाईट आपल्याला पडद्यावरच्या पानासारखी दिसते. पण तिच्या पाठीमागे चार निरनिराळ्या वस्तू असतात. एक, वेबसाईटचे नाव; हे ठरावीक मुदतीने पैसे भरून राखावे लागते. दोन, ज्या कॉम्प्युटरवर ती चोवीस तास चालू असते तेथली जागा. ही बहुधा भाड्याची असते. तीन, पाने उभी करणारे सॉफ्टवेअर. आणि चार, आपली स्वतःची माहिती. दरपत्रकात या चारी वस्तू एकाच रकमेत घातलेल्या असतात आणि गफलत तिथेच होते. नातवाचे म्हणणे तिसऱ्या वस्तूपुरते अगदी खरे आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळते. नाव, जागा आणि माहिती वेळच्या वेळी भरणारा माणूस मात्र फुकट मिळत नाही.

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आज सर्वांत जास्त चालते ते वर्डप्रेस. त्याची जन्मकथा सहकारात वाढलेल्या माणसाला आवडेल अशी आहे. मिशेल वाल्द्रीघी नावाच्या प्रोग्रॅमरने 'बी-टू' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून सर्वांना खुला ठेवला होता. पुढे त्याचे काम थांबले. तेव्हा अमेरिकेतील मॅट मलनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल या दोघांनी तोच कोड उचलून पुढे नेला आणि मे २००३ मध्ये वर्डप्रेस बाहेर पडले. त्याचा परवाना असा आहे की कोणीही ते वापरावे, आत उघडून पाहावे, बदलावे. फक्त बदललेले दुसऱ्याला देताना हीच मुभा त्यालाही द्यावी. आज जगातल्या दर दहा वेबसाईटींपैकी चारांहून अधिक वेबसाईटी त्यावर चालतात, आणि ते मराठीतही मिळते. याच जातीचे दुसरे सॉफ्टवेअर म्हणजे ड्रुपल. ते बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांनी २००१ मध्ये खुले केले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या व्हाइट हाऊसची वेबसाईट २००९ मध्ये ड्रुपलवर गेली आणि २०१७ च्या अखेरीस वर्डप्रेसवर आली. ज्यांना पैशाची ददात नाही त्यांनीसुद्धा पहिल्या ओळीपासून लिहून घेण्याचा खटाटोप केला नाही, हे ध्यानात घ्यावे.

यात नवल काही नाही. लागणीला आपण को ८६०३२ चे किंवा फुले २६५ चे बेणे आणतो. नवा वाण आपल्याच बांधावर तयार करू म्हणून कोणी बसत नाही. ते काम कोईमतूर आणि पाडेगावच्या संशोधन केंद्रांचे, आणि त्याला वर्षे लागतात. सरी किती फुटांची सोडायची, पाण्याची पाळी कशी धरायची, खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते. सूचना लावणे, अहवाल ठेवणे, निविदा जाहीर करणे, फोटो दाखवणे ही कामे आपल्या कारखान्याची आणि दुसऱ्या कोणत्याही संस्थेची सारखीच. त्यासाठी नवा वाण कशाला काढायचा?

आता आमचीच एक चूक सांगतो. कारखान्याची पूर्वीची वेबसाईट बऱ्याच सभासदांना आठवत असेल. आपल्याच कार्यक्षेत्रातल्या एका हुशार तरुणाने ती स्वतः कोड लिहून करून दिली होती, आणि तीही थोड्या पैशांत. दोन हंगाम ती उत्तम चालली. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. एखादी सूचना बदलायची तर ती त्यानेच कोडमध्ये शिरून बदलायची, कारण कार्यालयातल्या माणसाला मजकूर भरता येईल असे पानच केलेले नव्हते. आम्ही फोन करायचो, तो बिचारा रात्री जागून काम करून द्यायचा, आणि आम्ही पुन्हा फोन करायचो. वेबसाईटचे नावही त्याच्याच ई-मेलवर घेतलेले. मुदत संपल्याची सूचना त्या जुन्या ई-मेलवर गेली, ती कोणी पाहिली नाही, पैसे भरले गेले नाहीत. काही दिवसांनी ते नाव भलत्याच कोणीतरी घेतले आणि कारखान्याचे नाव टाईप करणाऱ्या सभासदाला परदेशातल्या जुगाराची जाहिरात दिसू लागली. त्या पोराचा यात काही दोष नव्हता. नाव कोणाच्या नावावर, कोड कोणाच्या ताब्यात, तू गेल्यावर कोण, हे तीन प्रश्न करार करताना आम्ही विचारलेच नव्हते.

त्यातून जे जुने अहवाल मिळाले, त्यांचेही निम्मे काम नव्याने करावे लागले. ते छापखान्याच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेले होते. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट असला तर मराठी दिसते, नसला तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, आणि आजचे सगळे फोन तीच पद्धत वाचतात. तेव्हा वेबसाईट कोणतीही घ्या, मजकूर युनिकोडमध्येच हवा. शिक्का-सहीच्या कागदाचा फोटो काढून लावला की काम झाले, अशी एक समजूत कार्यालयांत आहे. पण फोटोतला मजकूर शोधता येत नाही, आणि लहान पडद्यावर म्हाताऱ्या माणसाला वाचताही येत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग तयार घ्या, झालं. तसे नाही. एकच वाण सगळीकडे लावला म्हणजे काय होते ते उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्याला विचारावे. को ०२३८ या वाणाने तिथे उत्पादन आणि उतारा दोन्ही वाढवले, राज्यातले बहुतेक ऊसक्षेत्र त्याने व्यापले, आणि मग लाल कूज आली ती या एकाच वाणावर शेतामागून शेत पसरत गेली. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमधले एक भगदाड जाहीर झाले आणि ते बुजवणारी दुरुस्तीही त्याच वेळी देण्यात आली. पण जाहीर झालेली माहिती चोरही वाचतात. काही तासांतच आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनी जगभरातल्या ड्रुपल वेबसाईटी चाचपायला सुरुवात केली. ज्यांनी सात तासांच्या आत दुरुस्ती बसवली नव्हती, त्यांनी आपली वेबसाईट फुटलीच आहे असे धरून चालावे, असे ड्रुपलच्या सुरक्षा मंडळींनी पुढे स्वतःच सांगितले. सात तास म्हणजे आपल्याकडे एक पाळीसुद्धा पुरी होत नाही.

वर्डप्रेस लहान दुरुस्त्या २०१३ पासून आपल्या आपण बसवून घेते, हे चांगले आहे. पण त्याला प्लगइन नावाचे जोडतुकडे लावतात, आणि असे हजारो तुकडे बाहेर मिळतात. एक फोटो सरकवायला, एक फॉर्म भरायला, एक पाहुणे मोजायला. सापडणारी भगदाडे बहुतेक या तुकड्यांत असतात, मूळ सॉफ्टवेअरमध्ये कमी. तुकडा लिहिणारा त्याकडे बघेनासा झाला की तो तसाच कुजत पडतो. म्हणून तुकडे मोजके असावेत आणि प्रत्येकाची गरज लेखी असावी. दुसरा धोका याहून छुपा आहे. "तयार सॉफ्टवेअरमध्ये हे बसत नाही ना, मग आतला कोडच थोडा बदलून देतो," असे सांगणारे भेटतात. आतला मूळ कोड एकदा बदलला की पुढची दुरुस्ती बसवताना तो बदल पुसला जातो. आणि तो पुसू नये म्हणून मग दुरुस्तीच बसवत नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतोच, वर कोंबडीही आजारी. आपल्याला हवा तो बदल बाहेरून वेगळा तुकडा लावून करता येतो. आतल्या इंजिनाला हात लावायचा नाही.

आणि तयार वस्तूलाही वय असते. ड्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये अधिकृत देखभालीतून बाद झाली. पुढच्या आवृत्तीची बांधणीच इतकी वेगळी होती की अनेकांना जवळजवळ नवी वेबसाईट करावी लागली. एकदा घेतले आणि निश्चिंत झालो, असे याही बाजूला नाही.

मग मुद्दाम लिहून घेतलेला प्रोग्रॅम कुठे लागतो? जिथे आपले काम जगापेक्षा वेगळे आहे तिथे. वर्डप्रेसला आडसाली म्हणजे काय ते ठाऊक नाही. ऊसनोंदीत गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख का लागते, तोडीचा क्रम त्यावरून कसा लागतो, एका खेपेचे भरलेले वजन वजा रिकामे वजन हे कोणाच्या खात्यावर जाते, बिलातून विकास सोसायटीची वसुली आधी कशी होते, हे जगातल्या कुठल्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये आयते लिहिलेले नसते. आणि सभासदाला वेबसाईटवर बघायचे आहे ते हेच. अध्यक्षांचा फोटो बघायला कोणी रात्री दहा वाजता फोन उघडत नाही. आपली तोड कधी, खेप कितीची भरली, बिल निघाले का, हे बघायला उघडतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. ते चौदा दिवस मोजायचे तर वजनाची तारीख सभासदाच्या हातात पाहिजे.

या बाबतीत आपल्या शेजारचाच एक अनुभव सांगण्याजोगा आहे. १९९८ मध्ये वारणानगर येथे वारणा सहकारी समूहाच्या परिसरातील सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह तिघांचा पैसा त्यात होता, आणि सॉफ्टवेअरचे काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होते. गावोगाव कॉम्प्युटर केंद्रे उघडली. त्यावर शेतीसल्ला, बाजारभाव, सरकारी योजना असे पुष्कळ काही देण्याचा मनसुबा होता. प्रत्यक्षात केंद्रांवर काम चालले ते मुख्यतः उसाचे. नोंद, तोडीची परवानगी, वजन आणि बिल. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. गावातला कॉम्प्युटर बाजूला ठेवून साध्या मोबाईल फोनवरच्या एसएमएसने तीच माहिती द्यायची. ते चालले, स्वस्तात चालले, आणि शेतकऱ्यांना पसंतही पडले. वारणेने पहिल्यांदा केले म्हणूनच काय लागते आणि काय लागत नाही ते पुढच्यांना कळले, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. आपण मात्र ते कळलेले असताना पुन्हा सगळेच लिहून घ्यायला निघालो तर तो कमीपणा आपला.

लिहून घेण्यातला धोका आम्ही प्रत्यक्ष पाहिला. नवा प्रोग्रॅम लिहून देऊ म्हणणाऱ्या मंडळींनी गटकार्यालयात नमुना दाखवला. पडद्यावर एका सभासदाचे बिल उघडले, सगळे खूष झाले. पडद्याच्या वरच्या पट्टीत पत्ता दिसत होता आणि त्याच्या शेवटी त्या सभासदाचा कोड नंबर होता. एका सभासदाची मुलगी कॉलेजात शिकते, ती वडिलांबरोबर आली होती. तिने स्वतःच्या फोनवर तोच पत्ता टाकला, शेवटचा आकडा बदलला, आणि भलत्याच सभासदाचे बिल उघडले. टनेज, सोसायटीची बाकी, बँकेचा खाते क्रमांक, सगळे. "साहेब, हा नुसता नमुना आहे," असे उत्तर मिळाले. असेलही. पण पाटावर बसवलेली नवरी जशी, तशीच घरात यायची. कोणाला किती कर्ज आहे हे गावाला कळणे ही आपल्याकडे लहानसहान गोष्ट नव्हे. सोयरिकी त्यावर अडतात. शिवाय डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, आणि असा दोष राहिला तर जबाबदारी प्रोग्रॅमरची नव्हे, कारखान्याची धरली जाणार.

पत्त्यातला आकडा बदलून दुसऱ्याचे पान उघडणे ही या धंद्यातली फार जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली चूक आहे. तयार सॉफ्टवेअर हजारो जणांनी उघडून पाहिलेले असते, म्हणून अशा जुन्या चुका त्यातून बऱ्याचशा निघून गेलेल्या असतात. नवा कोड लिहिणारा त्या सगळ्या पुन्हा पहिल्यापासून करतो, आणि त्या शोधायला आपल्या कारखान्याशिवाय दुसरे कोणी नसते. घर पाहावे बांधून म्हणतात ते उगीच नाही.

या सगळ्यावरून आमचे मत असे झाले आहे. वेबसाईटचा जाहीर भाग, म्हणजे सूचना, अहवाल, निविदा, शेतीविभागाचे सल्ले, हा तयार सॉफ्टवेअरवर करावा. काही संचालकांना वाटते की मग आपली वेबसाईट चार कारखान्यांसारखीच दिसेल. दिसू दे. सभासदाच्या खात्याचा भाग मात्र वेगळा आणि लहान ठेवावा. त्यातही आधी एक चौकशी करावी: कार्यालयात ऊसबिलाचे काम सध्या ज्या सॉफ्टवेअरवर चालते, त्याच्याच पुरवठादाराकडे सभासदांसाठी अशी खिडकी तयार आहे का? असेल तर ती तपासून घ्यावी. नसेल तर तेवढीच लिहून घ्यावी. त्यातला पासवर्ड आणि ओटीपीचा भाग तरी पारखलेला, तयार असाच वापरावा. कुलूप घरी घडवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, या खिडकीला काट्याच्या मूळ नोंदीला हात लावता येता कामा नये. रोज रात्री मूळ नोंदींची एक प्रत बाहेर ठेवावी आणि वेबसाईटने फक्त ती प्रत वाचून दाखवावी. उद्या वेबसाईट फुटलीच, तरी वजन आणि बिल कारखान्यात जसेच्या तसे राहील. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना खेपेचे वजन एसएमएसने जावे.

करारात मागची चूक पुन्हा होऊ नये म्हणून काही गोष्टी लेखी हव्यात. वेबसाईटचे नाव कारखान्याच्या नावावर आणि कार्यालयाच्या कायमच्या ई-मेलवर घ्यावे, कोणा एका माणसाच्या नव्हे. लिहून घेतलेला कोड कारखान्याच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक बदलानंतर त्याची प्रत आपल्याकडे जमा व्हावी. शेवटचा हप्ता त्यावर अडवून ठेवावा. आपली माहिती साध्या तक्त्याच्या रूपात केव्हाही बाहेर काढता यावी, म्हणजे उद्या पुरवठादार बदलला तरी अडचण नको. राखीव प्रत नुसती घेतली म्हणून भागत नाही, वर्षातून एकदा त्या प्रतीवरून वेबसाईट पुन्हा उभी करून दाखवावी. सूचना भरण्याचे काम कार्यालयातल्या दोन माणसांना यावे, एकाला नव्हे. आणि दरपत्रकांची तुलना पहिल्या वर्षाच्या रकमेवर न करता पाच वर्षांच्या एकूण खर्चावर करावी. ट्रॅक्टर घेताना आपण डिझेलचा हिशेब करतोच की.

कराराचा मसुदा आणि दोन्ही दरपत्रकांचा गोषवारा सर्व गटकार्यालयांत वाचण्यासाठी ठेवला आहे. येत्या गटसभांत या विषयावर बोलता येईल. ज्यांना लेखी कळवायचे असेल त्यांनी आपला सभासद कोड नंबर घालून सूचना शेती विभागाकडे द्याव्यात. ज्या कॉलेजच्या मुलीने तो आकडा बदलून पाहिला, तिला पुढचा नमुना तपासायला आम्ही मुद्दाम बोलावले आहे. सभासदांच्या घरात अशी आणखी मुले-मुली असतील तर त्यांनाही घेऊन यावे.